मुकी उडी

उजनीच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या माणसाला पाखरांचं कौतुक नसतं. हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून येतात, रोहित पक्षी बघून हरखतात, चिलापी माशाचं कालवण ओरपून जातात. काठावरचा ऊसवाला ते बघतो आणि मनात म्हणतो, काय रिकामटेकडी माणसं आहेत! राजलक्ष्मीच्या घरातही पाखरांना एवढाच मान होता. म्हणून बारामतीच्या कॉलेजात एम.एस्सी. करताना तिनं 'नदी सुरयांची वीण आणि खाणं' असा विषय घेतला, तेव्हा तिचा धाकटा भाऊ अविराज आठवडाभर हसत होता. पाखरं काय खातात हे लिहून पदवी मिळत असेल तर आमच्या म्हशींनी काय घोडं मारलंय, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा.

ते हसणं गेल्या वर्षीच्या मे महिन्यात बंद झालं. अप्पा गेले तेव्हा.

त्यांचे वडील अप्पा धरणात मेले, आणि मेले ते कमरेएवढ्या पाण्यात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं आणि शेतकरी मोटार घेऊन त्याच्यामागं धावतो. चारी खोदायची, पाईप वाढवायचा, वायरीला वायर जोडायची. पाईपच्या पाण्यातल्या तोंडाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला सगळे फुटबॉल म्हणतात. त्यात शेवाळ आणि गाळ अडकतो, म्हणून सकाळी लाईट यायच्या आत कुणीतरी पाण्यात उतरून तो साफ करायचा. अप्पा तसेच उतरले होते. धरणाचा हा काठ तो काठ पोहणारा माणूस फुटबॉलपाशी पालथा तरंगत सापडला. सिंधुबाईंनी, म्हणजे राजलक्ष्मीच्या आईनं, त्यांना एकटीनं ओढून काठावर आणलं आणि मग कुणालाही त्या देहाची चिरफाड करू दिली नाही. कागदावर 'बुडून मृत्यू' असं लागलं. गावानं मात्र साती आसरांनी नेलं असं ठरवलं. त्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेतच. आसरा पाण्यातल्या बाया, त्यांच्या मनात आलं की त्या माणूस ओढतात, हे काठावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आईनं तेव्हापासून एक नवाच नेम काढला. सकाळी अविराज पाण्यात उतरायच्या आधी मोटारीच्या पेटीतले तीन किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे पांढरे फ्यूज, उपसून तिच्या ओटीत टाकायचे. तो बाहेर येऊन अंग पुसेपर्यंत ती पदराची ओटी धरून सात दगडांपाशी बसून राहायची. आसरांना पांढरं लागतं, असं तिचं म्हणणं. दहीभात पांढरा, चुना पांढरा आणि किटकॅटही पांढरे. पाऊस असो, ताप असो, एक दिवस तिनं हे चुकवलं नव्हतं.

अविराज वैतागायचा. त्या पेटीत ऑटो बसवलेला होता, लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हायची. ऑटो बंद करायचा नाही आणि किटकॅटला हात लावायचा नाही हा सगळ्या काठाचा रिवाज, कारण परत लावायला विसरलं तर उसाची एक पाळी कोरडी जाते. लाईट वेळापत्रकानं येते आणि त्या वेळेआधी पाण्यातून बाहेर यायचं, एवढं पुरे, असं सगळेच मानत. 'ताई, तू शिकल्याली, तूच समजाव तिला,' असं तो राजलक्ष्मीला म्हणायचा. आणि राजलक्ष्मीही शहाणपणा करून सांगायची की हे सगळं मनाचं समाधान आहे, फार मनावर घेऊ नकोस. शिकलेल्या माणसाला आपल्या आईपेक्षा जास्त कळतं हा भ्रम पहिल्या पदवीबरोबरच मिळतो. दुसऱ्या पदवीला तो पक्का होतो.

तर, या वर्षी एप्रिल लागता लागता पाणी उतरलं, काठापासून अर्ध्या मैलावर दगडमातीची बेटं उघडी पडली आणि त्यातल्या एकावर सुरयांनी अंडी घातली. गेला हंगाम सुतकात गेला होता, आता हाच उरलेला. सिद्धूमामा या भोयाच्या होडीतून राजलक्ष्मी रोज सकाळी तिथं जायची. हिवाळ्यात पर्यटक फिरवणारा आणि एरवी जाळी टाकणारा हा पन्नाशीचा माणूस बोलायला कंजूस होता, पण पाण्यावरचं त्याला सगळं कळायचं. बेटाच्या टोकाला हिरव्या शेडनेटची एक खोपी तिनं उभी केली होती. तिच्यात बसून दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम.

एकतीस घरटी होती. घरटी म्हणायची, नाहीतर तो वाळूतला नुसता खळगा, खराट्याची काडीसुद्धा नाही. त्यात दोन किंवा तीन ठिपक्यांची अंडी, शेजारच्या खड्यांत मिसळून जाणारी. ऊन चढलं की आई-बाप पाळीपाळीनं पाण्यावर जाऊन पोट भिजवून यायचे आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायचे. काळी टोपी, पिवळी चोच, करडे लांब पंख, अशी देखणी जात. मे उजाडला तशी पिल्लं निघाली. मग चोचीत मासा घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली आणि तिचं खरं काम सुरू झालं. कुठल्या घरट्याला किती वाजता मासा आला, केवढा होता, कुठून आला, हे लिहायचं.

मुकी उडी तिनं पहिल्यांदा बघितली ती याच आठवड्यात.

सुरयांच्या वस्तीत गप्प असा क्षण नसतो. पन्नास-साठ पाखरांचा कलकलाट सतत कानात घुमतो आणि तासाभरानं माणसाला तो ऐकूच येईनासा होतो. त्या दिवशी तो एकाएकी थांबला. एक पाखरू थांबलं, मग दुसरं थांबलं, असं नाही. सगळी एकदम. राजलक्ष्मीनं वहीतून मान वर केली तेव्हा सगळी वस्ती उठलेली होती आणि पाण्याला जवळजवळ पोट घासत, आवाज न करता, एका दिशेनं निघाली होती. पंखांचाही आवाज नाही. बेटावर उघडी अंडी आणि पिल्लं तेवढी राहिली. पिल्लंही दगडासारखी निपचित पडली. मिनिटभरानं पाखरं लांबून वळली, परत आली आणि काही झालंच नाही अशी पुन्हा भांडायला लागली.

पुस्तकात तिनं हे वाचलं होतं, ससाणा किंवा साप दिसला की अशी घबराट उडते. तिनं आभाळ बघितलं, बेट पालथं घातलं. काही नव्हतं.

सिद्धूमामा होडीत वल्हं आडवं धरून बसला होता आणि पुटपुटत होता. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, ही मुकी उडी. त्याचा बाप सांगायचा, पाखरं मुकी उडाली की वल्हं थांबवायचं आणि आपली माणसं मोजायची. 'मोजायची म्हणजे?' 'म्हंजे मोजायची. होडीतली, घरातली. एखादं कमी व्हायचं आसलं तर त्या येळंला व्हतंय.' तिला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. गेल्या वर्षी अप्पा गेले त्या दिवशी तो याच पाण्यात होता आणि त्या सकाळीही पाखरं मुकी उडाली होती, हे त्यानं तिला परतताना सांगितलं. आधी सांगायला तिनं विचारलं कुठं होतं!

वही भरत गेली तशी तिला दुसरीच गोष्ट खटकायला लागली. सुरय मासा पकडते ती झेपावून, आणि दहा झेपांत एखादा लागतो. एका पिल्लाला दोन खाण्यांमध्ये अर्धा-पाऊण तास थांबावं लागावं, असा तिचा अंदाज. इथं सहा-सात मिनिटांना एक मासा यायला लागला. तेही रोज नाही. सोमवार ते गुरुवार सकाळपासून नुसती लयलूट असायची, आणि शुक्रवार ते रविवार दिवस वर आला की शुकशुकाट. त्या तीन दिवशी मासे यायचे ते फक्त पहाटे फटफटताना, जणू रात्री कुणी वाढून ठेवलेलं उष्टं गोळा करत आहेत. पाखरं काय आठवडे बाजार करतात? तिनं सरांना फोनवर विचारलं, सरांनी हवामान बघ म्हणून सांगितलं. हवामान सातही दिवस सारखंच भाजत होतं.

आणि येणारं प्रत्येक पाखरू एकाच दिशेनं यायचं. वळणाच्या पलीकडून, जिथं काठ दिसत नाही तिथून. तिनं बुधवारी होडी त्या बाजूला न्यायला सांगितली, तर सिद्धूमामा वळणावरच थांबला आणि पुढं न्यायला तयार होईना. वळणापलीकडे राजलक्ष्मीच्या घरचीच मोटार होती. पन्नासेक पाखरं एवढ्याशा जागेवर घिरट्या घालत होती आणि झेप न घेता, परातीतून पापड उचलावा तसा, पाण्यावरून अलगद मासा उचलून नेत होती. जागा अप्पांची होती. पालथे सापडले ती.

परत बेटावर येऊन ती खोपीत बसली. चौदा नंबरच्या घरट्याशी एका पाखरानं पिल्लापुढं मासा टाकला, पिल्लाला तो गिळवेना आणि तो तिथंच पडून राहिला. पाखरू गेल्यावर तिनं तो उचलून आणला. बोटभर चिलापी. सुरयेनं पकडलेल्या माशाच्या अंगावर चोचीचा करकचून चावा असतो आणि तो चोचीत वळवळत येतो. हा ताठ होता, काडीसारखा सरळ. खवलं जागच्या जागी आणि डोळे पांढरे पडलेले. तिनं मागची पानं उलटली. 'मासा हलत नाही' असं तिनंच गेल्या पंधरा दिवसांत चाळीसवेळा लिहिलं होतं आणि एकदाही त्यावर विचार केला नव्हता. सुरया मेलेले मासे आणत होत्या. कुणीतरी मारून ठेवलेले, अंगावर ओरखडासुद्धा न उठवता.

संध्याकाळी तिनं तो मासा आईपुढं धरला. सिंधुबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी माशाकडं बघितलं आणि सुपातला हात थांबला. कुठं सापडला विचारलं. राजलक्ष्मीनं जागा सांगितली, गेल्या वर्षीही तिथं पाखरं होती का ते विचारलं. आईनं मासा तिच्या हातातून घेतला, मागल्या दारी उकिरड्यात पुरला आणि हात राखेनं दोनदा घासले. मग म्हणाली की आसरांच्या ताटातलं उचलून घरात आणू नये.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी आईला सुप्याला जाणं भाग होतं, थोरल्या बहिणीचा दहावा होता. पहाटे निघताना ती राजलक्ष्मीच्या अंथरुणाशी आली आणि तिला हलवून जागं केलं. 'आज किटकॅट तू घ्यायचं. ओढणीत घे. तो भाईर येईस्तवर हलायचं न्हाय.' राजलक्ष्मीनं डोळे चोळत होय होय म्हटलं. आईनं तिचं मनगट घट्ट धरलं, एवढं की बांगडी रुतली, आणि पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा होय ऐकल्यावर ती गेली.

आणि राजलक्ष्मी साडेसातला बेटावर गेली. सकाळचं पहिलं खाणं चुकलं असतं ना! जाताना तिनं गोठ्यातल्या अविराजला सांगितलं, आज आई नाही, तेवढं तुझं तू बघ. तो हसून म्हणाला, आज तरी सुटका.

साडेआठच्या सुमारास ती खोपीत वही मांडीवर घेऊन बसली होती आणि पंधरा दिवसांच्या वेळा एकाखाली एक लिहीत होती. सोमवार, साडेनऊपासून. मंगळवार, साडेनऊपासून. बुधवार, नऊ पस्तीस. संध्याकाळी साडेपाचला बंद. असं कुठलं पाखरू असतं, जे घड्याळ बघून जेवतं? तेवढ्यात फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं: 'आज दिवसाची लाईट पाऊण तास लवकर, ८.४५ ला येणार.'

तिनं तो मेसेज वाचला आणि मग वहीकडं बघितलं. सोमवार ते गुरुवार दिवसाची लाईट, साडेनऊ ते साडेपाच. शुक्रवार ते रविवार रात्रीची. हे वेळापत्रक त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर चिकटवलेलं होतं. तिच्या वहीतलं पाखरांचं वेळापत्रक तेच होतं, मिनिटांचा फरक सोडला तर तंतोतंत. माशांना लाईट मारत होती. त्यांच्याच वायरीतून पाण्यात उतरणारी लाईट. कमरेएवढ्या पाण्यात मेलेला, धरण पोहून जाणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढं आला.

आठ बेचाळीस झाले होते. अविराज रोज साडेआठला पाण्यात उतरायचा.

तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. तो फोन काठावर चपलेत ठेवून उतरतो हे तिला माहीत होतं, तरी तिनं पुन्हा लावला. सिद्धूमामाला हाक मारत ती होडीकडं पळाली, दगडावर नडगी फुटली ते तिला कळलंही नाही. होडी पाण्यात लोटली, सिद्धूमामानं काही न विचारता इंजिनाची दोरी ओढली, आणि तेवढ्यात लांबवर, सगळ्या काठाला, घुंऽऽ असा आवाज उठला. शे-दीडशे मोटारी एकदम सुरू झाल्या. लाईट आली होती.

आणि बेट गप्प झालं.

तिनं मागं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, पाखरं तिच्या दोन्ही बाजूंनी, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून, पाणी घासत पुढं निघाली होती. साठ पाखरं आणि एक हूं की चूं नाही. सिद्धूमामानं इंजिन मंद केलं. बापाचा नेम त्याच्या हाडात होता. 'मामा, थांबवू नका,' ती ओरडली, आणि ओरडतानाच तिच्याही नकळत तिच्या मनानं माणसं मोजायला घेतली. आई. मी. अवि. पुन्हा पहिल्यापासून. आई, मी. तिसऱ्या नावाशी ती अडकत होती.

पाखरं वळणापलीकडे दिसेनाशी झाली. होडीला ते अंतर कापायला पाच मिनिटं लागणार होती. तेवढ्यात पाखरं परत येताना दिसली. एकेक, दोन-दोन. राजलक्ष्मीनं दुर्बीण डोळ्याला लावली. पहिलं आलं. चोच रिकामी. दुसरं, तिसरं, दोन्ही रिकामी. पंधरा दिवस लाईट आली की भरल्या चोचीनं येणारी पाखरं आज एकामागून एक रिकामी येत होती आणि पुन्हा कलकलाट करायला लागली होती. रिकामी चोच म्हणजे पाण्यात मासा मेला नाही. मासा मेला नाही म्हणजे पाण्यात लाईट नाही. हे गणित ती तोंडानं मोठ्यानं म्हणत होती आणि सिद्धूमामा तिच्याकडं वेड लागल्यासारखा बघत होता. पण तिला ते खरं मानायचं धाडस होईना. साठातली चाळीस आली होती. उरलेल्यांच्या चोचीत काय असेल?

वळण आलं. अविराज छातीएवढ्या पाण्यात उभा होता, फुटबॉल हातात धरून त्यातलं शेवाळ उपटत होता. होडी बघून त्यानं हात हलवला.

तो काठावर आला. त्यानं अंग पुसलं आणि चपलेशेजारी ठेवलेले तीन पांढरे किटकॅट उचलले. आईनं सुप्याच्या एसटीतून फोन केला होता. तुझी ताई तिथं नाही हे मला ठाऊक आहे, किटकॅट काढ, त्यांचा फोटो मला पाठव, नाहीतर मी इथंच उतरते आणि माघारी येते, असं ती म्हणाली होती. आणि खरंच पाठवायला लावला फोटो. 'येडी झालीय आई,' तो म्हणाला. राजलक्ष्मीनं त्याच्या ओल्या दंडाला हात लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. तो लाजला, आणि काय झालं ते त्याला कळलं नाही.

दुपारी खताचं कारण काढून तिनं त्याला भवानीनगरला पिटाळलं आणि गावात मोटारी भरणारे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देणारे बाबूलालचाचा यांना बोलावून आणलं. पेटीतून लाईट तोडून दोघांनी गाळातून वायर ओढली. पाणी मागं गेलं की उन्हाळ्यापुरती जोडायची साठ फुटांची वायर, तिला मध्ये एक जॉईंट. चिकटपट्टी नव्हतीच. मोटरसायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर निळी नायलॉनची सुतळी, तिला वासराच्या दाव्याला मारतात तशी दुहेरी गाठ. सुतळीखाली ट्यूब फाटली होती आणि आतलं तांबं हिरवं पडून उघडं झालं होतं.

ती गाठ राजलक्ष्मी ओळखत होती. गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत अविराजनं तिला फोटो पाठवला होता, 'बघ, चाचांना न बोलवता जॉईंट केला.' अप्पांनी पाठ थोपटली होती, असंही लिहिलं होतं. त्यानंतर आठवडाभरानं अप्पा गेले.

बाबूलालचाचांनी जॉईंट हातात फिरवून बघितला, जागेकडं बघितलं, सात दगडांकडं बघितलं. चाळीस वर्षं मोटारी भरणाऱ्या माणसाला काय सांगायचं! त्यांनी तो तुकडा कापला, खिशात घातला आणि नवा जॉईंट पक्का करून, पाण्याबाहेर खांबाला बांधून दिला. जाताना एवढंच म्हणाले, 'बेटी, ह्यो तुकडा माझ्याकडं ऱ्हाऊ दे. भंगारात जाईल. कुनी इचारलं तर वायर जुनी झाली हुती.'

आई दिवेलागणीला आली. राजलक्ष्मी सात दगडांपाशीच बसली होती. आई शेजारी टेकली तेव्हा तिनं सांगितलं, चाचांकडून जॉईंट नवा करून घेतला. आईनं मान हलवली. मग आईनं विचारलं, 'त्याला ठावं हाय?'

'न्हाय.'

'सांगू नगंस.'

राजलक्ष्मीनं आईकडं बघितलं. आई पाण्याकडंच बघत बोलत होती. 'मी पाय घातला तवा पानी चावत हुतं. मुंग्या कमरंपातुर आल्या. मग लाईट गेली तवा मला आत शिरता आलं. तवाच मला समजलं. आसरा चावत न्हाईत, वढत्यात.'

मग एवढं वर्ष ती वायर का ठेवलीस, असं राजलक्ष्मी रागानं म्हणाली. तिला खरोखर राग आला होता, आईचा, स्वतःचा, त्या गाठीचा. जोडाजोड अविराजनं केली होती एवढं आईला ठाऊक होतं; कुठला जॉईंट, कुठली वायर, यातलं बाकी काही कळत नव्हतं. तिला लाईट म्हणजे सगळीच चावरी. आणि चाचांना बोलवायचं तर काय सांगून बोलवायचं? गावाला सांगून? त्या बाईनं आपल्याला जमेल तेवढी एकच गोष्ट केली, आणि ती रोज केली.

'नवरा गेला,' आई म्हणाली. 'पोरगं कशापायी घालवू?'

बेटावर पुढच्या सोमवारपासून मासे अर्ध्या-पाऊण तासानं यायला लागले. हलणारे, वळवळणारे, चोचीचा चावा असलेले. फुकटच्या खाण्यावर तीन-तीन पिल्लं वाढली होती, आता त्यांना पुरेना. चौदा नंबरातलं धाकटं बुधवारी मेलं, शनिवारपर्यंत आणखी नऊ. राजलक्ष्मीनं प्रत्येकाची नोंद केली आणि प्रत्येक नोंदीला तिला रडू आलं, कारण ही पिल्लं तिनं मारली होती आणि ती पुन्हा मारली असती. मुकी उडी त्या हंगामात परत दिसली नाही. वहीत तिच्यापुढच्या 'कारण' या रकान्यात राजलक्ष्मीनं काही लिहिलं नाही. आभाळात घार नव्हती, बेटावर साप नव्हता, आणि बाकी जे होतं ते लिहायला रकाना नव्हता.

त्या पहिल्या सोमवारी सकाळी मात्र ती आधी घरच्या काठाला गेली. आई दमली होती, तिला तिनं झोपू दिलं. अविराज टॉवेल खांद्यावर टाकून आला, तर बहीण सात दगडांपाशी ओढणी पसरून बसलेली.

'तू बी?' तो हसला. 'एवढं शिकून?'

'टाक गप,' ती म्हणाली. 'आसरांना लागतं.'

त्यानं तीन किटकॅट तिच्या ओढणीत टाकले. ते अजून कोमट होते. तिनं ओढणीची मूठ वळली आणि तो पाण्यातून बाहेर येईपर्यंत सोडली नाही.